नुसते बसून राहिले!

ही गोष्ट मी सांगितली असं कुणाला सांगू नका. आमच्या घरातलीच आहे, म्हणून आवाज जरा बारीक ठेवते.

रविवारची सकाळ. फ्रीगंजातून पोहे-जलेबी आणलेली, पोह्यांवर बारीक शेव आणि जिरावण पडलेलं, पहिला घास तोंडात. तेवढ्यात मोठ्या जाऊबाई चष्मा कपाळावर सरकवत आल्या आणि त्यांनी मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यांचा मुलगा आणि सून म्युनिकला असतात, चौथं वर्ष चालू आहे. फोटोत दोघं श्टार्नबर्गच्या तळ्याकाठी एका लाकडी बाकावर बसलेली. मागे आल्प्सची पुसट रांग. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात पोहे. सुनेच्या अंगात नवऱ्याचं जाकीट, नवऱ्याच्या डोक्यावर सुनेची टोपी.

“काय करून राहिले हे तिकडे?” समोरच्या वहिनींनी विचारलं.

“बसून राहिले,” जाऊबाई म्हणाल्या.

“आणि मग?”

“मग काय! चार तास नुसते बसून राहिले. मग लोकल धरून घरी गेले.”

सगळे गप्प. जलेबीचा पाक बोटांवरच सुकला. मग एकेकीला कंठ फुटला. भांडण झालं होतं का? नाही. कुणाची वाट पाहत होते? नाही. घराची किल्ली हरवली? तेही नाही. “मग काही नवस असेल,” समोरच्या वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाल्या. त्या चांगल्या बाई आहेत, कुणाबद्दल वाईट विचार लगेच मनात आणत नाहीत, जरा वेळ घेतात.

आता तुम्ही म्हणाल, एका बाकाची काय ती गोष्ट! अहो, पण हा एक बाक असता तर मी तोंड उघडलं नसतं. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या उज्जैनातल्या निम्म्या मराठी घरांत ही साथ शिरली आहे. कुणाचा भाचा आइंडहोव्हनला, कुणाची लेक स्टॉकहोमला, आणि सगळ्यांचा धंदा एकच. आठवडाभर नोकरी करायची, भाजी आणायची, सायकलवरून फिरायचं, आणि सुट्टीला जोड मिळाली की युरोपात उधळायचं. पूर्वी परदेशी गेलेला मुलगा आईला विचारायचा, तब्येत कशी आहे. हल्ली तो सांगतो, “आई, अकरा झाले.” आईला वाटतं एकादश्या. झालेले असतात देश.

आमच्या पुतण्याचंच घ्या. हा मुलगा उज्जैनात असताना जेवल्यावर ताट उचलत नसे. पाणी हातात लागायचं, तेही गार. तिकडे रविवारी सकाळी हा माणूस कणीक भिजवतो आणि बायको खिडकीत कॉफी पीत बसते! हे आम्ही व्हिडिओ कॉलवर डोळ्यांनी पाहिलं. जाऊबाईंनी पदर डोळ्याला लावला. आनंदाने की कसं, ते अजून कळलेलं नाही. रविवारी तिकडे दुकानं बंद, भिंतीत ड्रिल मारायला बंदी, शेजाऱ्याला त्रास होईल असा आवाज करायचा नाही. मग माणसांनी करायचं काय? एकमेकांशी बोलायचं! लग्नाला सहा वर्षं झालेली माणसं ही. तेवढ्या काळात बोलण्यासारखं काही उरतं का?

शनिवारचा कार्यक्रम तर ऐकाच. घरातल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या पिशवीत भरून दुकानात नेतात. तिथे एका यंत्राच्या तोंडात त्या एकेक घालायच्या, यंत्र दर बाटलीमागे २५ सेंटची पावती देतं, त्या पावतीवर बटर किंवा पाव घ्यायचा. खरेदीच्या वेळी जमा केलेले आपलेच पैसे परत येतात, पण दोघांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. “याच्या आजोबांनी आयुष्यभर रद्दी विकली,” भाऊजी म्हणाले. “कोणी फोटो काढला नाही.”

आणि सुट्ट्या! आमच्या ह्यांनी बँकेत छत्तीस वर्षं काढली. हक्काची रजा मागताना एवढा आवंढा गिळायचे, की आजारी नसले तरी आजारी दिसायचे. जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा धरला तर कायद्याने वर्षाला किमान वीस दिवस भरपगारी रजा द्यावीच लागते, आणि बऱ्याच कंपन्या सत्तावीस-तीस देतात. वर साहेब विचारतो म्हणे, रजा का घेत नाही? असा साहेब असेल तर माणूस बिघडणारच.

बिघडायला रेल्वेनेही हातभार लावला. २०२३ च्या मे महिन्यात तिथे ४९ युरोचा महिन्याचा पास निघाला. पुढे दर वाढत गेला, पण तोवर चटक लागली होती. साध्या गाड्या, लोकल, ट्राम, बस, सगळं त्या पासात. आणि त्याच पासावर साध्या गाडीने ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गपर्यंत जाता येतं. म्हणजे परदेशातून परदेशात, पासावर! एका रविवारी जाऊबाईंनी दुपारी फोन लावला. “जेवलात का?” सून म्हणाली, “हो आई, आत्ताच, ऑस्ट्रियात.” संध्याकाळी परत घरी. मोत्झार्टचं जन्मघर बघितलं आणि पावसात आइस्क्रीम खाल्लं, एवढंच काम होतं. आम्ही साडी घ्यायला इंदूरला जातो तेव्हा आदल्या दिवशी दशम्या करतो.

याचं मूळ आहे ते शेंगेन. हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं चिमुकलं गाव. १९८५ मध्ये तिथे पाच देशांनी नदीत नांगरलेल्या बोटीवर बसून ठरवलं, की आपसातल्या हद्दींवरचं तपासणं हळूहळू बंद करू. आता एकोणतीस देश त्यात आहेत. एक व्हिसा, एकोणतीस दारं. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हाला रेल्वेने तासाभरात पोचतात. दोन देशांच्या राजधान्या, आणि मधलं अंतर आमच्या उज्जैन-इंदूरपेक्षा फार नाही! आमची दोघं सकाळी एका राजधानीत नाश्ता करून दुसऱ्या राजधानीत जेवली आणि पहिलीत झोपायला आली. भाऊजींनी ऐकून एवढंच विचारलं, “टोल किती लागला?”

बरं, असल्या गोष्टींचा बोभाटा आपल्याला नवा नाही. १८९० मध्ये पुण्यात ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनच्या आवारात व्याख्यान झालं, नंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कपाला नुसता हात लावला. बैठकीत रानडे होते, टिळक होते, पुण्यातले आणखी कितीतरी मोठे लोक होते. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात आग लागली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, वर्षानुवर्षं वाद पेटला. चहा आणि बिस्किटापायी! आणि आता काळ कसा फिरलाय पाहा. गोपाळरावांना नावं छापायला निदान वर्तमानपत्र गाठावं लागलं. आमची सून आपली यादी आपणच लावते. कुठल्या गावात, कुठल्या टेबलावर, कुठलं बिस्किट, त्यावर साखर किती, आणि बाजूला कोण. गोपाळरावांची नोकरीच गेली म्हणा ना.

राजेलोकांचं मात्र सगळं खपून जायचं. आमची उज्जैनची वेधशाळा जयपूरच्या सवाई जयसिंहाने बांधली. त्याच गादीवरचे माधोसिंह १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला निघाले, तेव्हा वाटेत धर्म बुडू नये म्हणून चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून बोटीवर चढवलं होतं. एकेक घागर जवळजवळ माणसाएवढी उंच. त्याचं कौतुक अजून चालू आहे, घागरी जयपूरच्या महालात मांडून ठेवल्या आहेत. आमचे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे घ्या. १९२३ मध्ये त्यांनी ही वेधशाळा दुरुस्त करवली, आणि दोन वर्षांनी त्यांचा अंत झाला तो पॅरिसमध्ये. राजा गेला तर दौरा, आमचा पोरगा गेला तर चटक! आणि पोरगा तरी घागर कुठे नेतो? तेवीस किलोच्या बॅगेत अडीच किलो शेव, गोडा मसाला, भाजणी, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळलेली, आणि जाऊबाईंनी कोपऱ्यात सरकवलेली शिप्रेच्या पाण्याची इवलीशी कुपी. धर्म त्या कुपीत राहतो की शेवेत, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी शेवेच्या तटात.

खरं म्हणजे वाट वाकडी करायचा सल्ला जगाला उज्जैननेच दिला, हे मी भिशीत सांगितलं आणि कुणाला पटलं नाही. मेघदूत आठवा. रामगिरीवर अडकलेला यक्ष मेघाला अलकेचा रस्ता सांगतो. रस्ता सरळ उत्तरेचा. पण मध्येच म्हणतो, जरा आडवळण पडलं तरी चालेल, उज्जयिनी बघितल्याशिवाय जाऊ नकोस. वर काय काय बघायचं त्याची यादी. महाकालाची संध्याकाळची पूजा चुकवू नको, शिप्रेवरचा वारा अंगावर घे, रात्री एखाद्या सौधावर मुक्काम कर. त्या मेघाकडे निरोप तातडीचा, तिकडे बायको कित्येक महिने झुरतेय, आणि हा त्याला सहल आखून देतोय! आमचा पुतण्या प्रागला जाता जाता न्युरेंबर्गला उतरला तर लगेच उधळ्या ठरला. फरक एवढाच, की यक्षाची बायको लांब होती म्हणून काव्य झालं. याची बायको शेजारीच बसलेली असते, म्हणून चर्चा होते. आणि यांचे फोटोही आता क्लाऊडवरच असतात म्हणे. मेघाचं काम काही सुटलं नाही.

वेळेचा घोळ तर विचारू नका. जुन्या ज्योतिषाची शून्य रेषा आमच्या उज्जैनातून जायची, सगळ्या भारताचं गणित इथून सुरू व्हायचं. आता आम्ही बोटं मोजतो. उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. उन्हाळ्यात महाकालाची भस्मारती पहाटे चारला सुरू होते तेव्हा तिकडे रात्रीचे साडेबारा. एकदा जाऊबाईंनी आरतीच्या रांगेतून संदेश धाडला, “उठलात का?” उत्तर आलं, “अजून झोपलो नाही, बाल्कनीत बसलोय.” पुन्हा बसलोय!

आता मुद्द्याचं बोलते. जरा जवळ या. खरा बोभाटा युरोपचा नाहीच. पॅरिसला जा, रोमला जा, कोण अडवतं? पु. ल. आणि सुनीताबाई विलायतेला जाऊन आले, १९६० मध्ये ‘अपूर्वाई’ निघाली, घरोघर वाचली. आमच्याही घरी तिची पानं सुटलेली प्रत आहे. बोभाटा आहे तो कारणाचा. आपल्याकडे माणूस कारणाने हलतो. आमचे पूर्वज राणोजी शिंद्यांच्या मागोमाग या मुलखात आले ते मोहिमेला, चाकरीला. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाईंनी गोपाळ मंदिर बांधलं. वरसईचे गोडसे भटजी उत्तरेकडे निघाले तेही बायजाबाईंच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने. मध्ये सत्तावनचं बंड आडवं आलं ती गोष्ट वेगळी, पण घरातून पाऊल पडलं ते कारणावर. लग्न, मुंज, यात्रा, तेरावा. आमच्या लग्नानंतरची पहिली सहल ओंकारेश्वरला झाली, बरोबर नऊ माणसं होती. त्यांतल्या एकीला गाडी लागते म्हणून मी पुढे तिच्याजवळ बसले, हे मागे भाऊजींजवळ. सहल छान झाली असं घरचे सांगतात.

आणि बसण्याचं म्हणाल तर बसून राहणं हे आमचं खानदानी काम आहे. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, आमची मंडळी इथेच बसून राहिली. तेव्हापासून बसलीच आहेत. पुरुष पाटणी बाजारात ओटल्यावर तासन् तास बसतात, कोणी विचारत नाही का बसलात. बायका हरसिद्धीच्या दीपमाळांच्या खाली बसतात, कोणी विचारत नाही. पण जोडीने? नवरा-बायको आपल्याकडे शेजारी बसतात ते सत्यनारायणाला, आणि तिथेही मध्ये भटजी बोलत असतात. त्या बाकावर ना भटजी ना प्रसाद ना कारण. दोन माणसं, एक डबा, चार तास. समोरच्या वहिनींना झोप लागली नाही ती याच्यामुळे.

आता ऐका खरी मजा. गेल्या उन्हाळ्यात भाऊजी आणि जाऊबाई दोन महिने म्युनिकला जाऊन आले. मुलाला समज द्यायला. जाताना जाऊबाईंचे गुडघे दुखत होते, कपाळाला आठ्या होत्या, पिशवीत जपमाळ होती. तिकडून पहिला फोन आला, “इथे बस वेळेवर येते.” दुसरा, “चर्चमध्ये चप्पल काढत नाहीत, मला बरं वाटलं नाही.” मग फोन कमी झाले. व्हेनिसला नेलं तेव्हा एकदा भाऊजींचा सविस्तर निरोप आला. तिथे २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशाचे निदान पाच युरो घेतात. “आपल्याकडे अडीचशे रुपयांत शीघ्रदर्शनाला प्रत्यक्ष महादेव भेटतो,” भाऊजींनी लिहिलं, “इथे त्याच्या जवळजवळ दुप्पट घेऊन पाणी दाखवतात.” पण पुढच्याच ओळीत, “पाणी मात्र बरं आहे.” मी तेव्हाच ओळखलं. गेला हा माणूस.

परत आले ते दुसरेच दोघं. भाऊजी ओला-सुका कचरा नुसता वेगळा करत नाहीत, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतात. जाऊबाई टॉवर चौकात रस्ता ओलांडताना पांढऱ्या पट्ट्यांवर उभ्या राहिल्या आणि गाड्या थांबायची वाट बघू लागल्या. पंधरा मिनिटांनी एका ई-रिक्षावाल्याने विचारलं, “माताजी, तबीयत तो ठीक है?” घरात चहाला ठरलेली वेळ आली, चहाबरोबर केक आला, केक खाताना मोबाइल उपडा ठेवायचा नियम आला. आणि एका संध्याकाळी समोरच्या वहिनी धापा टाकत आल्या. “अहो, तुमच्या जाऊबाई आणि भाऊजी रामघाटावर बसून राहिले आहेत! दोघंच! एका कागदातून शेंगदाणे खाऊन राहिले!”

“कुणाचं श्राद्ध आहे का?” मी विचारलं.

“चौकशी केली. नाही.”

झालं. गल्लीत तीन दिवस दुसरा विषय नाही. सत्तरीला आलेली माणसं, अहो! तिसऱ्या दिवशी समोरच्या वहिनींच्या यजमानांनी हळूच विचारलं म्हणे, कुठल्या पायरीवर बसले होते, ऊन कितीला उतरतं.

आता माझंही ऐकून घ्या, लपवत नाही. देशभरातून माणसं आमच्या गावात लोटतात. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोक झाला आणि हॉटेलांना जागा पुरेना. त्यात २०२८ चं सिंहस्थ तोंडावर आहे. आणि मी, लग्न होऊन छत्तीस वर्षं याच गावात असलेली बाई, वेधशाळेत एकदाच गेले होते, तेही शाळेच्या मुलांना मोजायला. म्हणून एका बुधवारी ह्यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, काम काय आहे? मी म्हटलं, काही नाही. ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पण आले. शिप्रेकाठी वेधशाळेत सम्राट यंत्रापाशी आम्ही सावलीचा कोपरा धरून बसलो. यंत्राच्या भिंतीची सावली खुणांवरून सरकताना डोळ्यांना दिसते, हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. डब्यात पोहे होते, जिरावण विसरले होते. अर्ध्या तासाने हे म्हणाले, “ओंकारेश्वरला तू पुढे का बसली होतीस?”

घरी आलो तर समोरच्या वहिनी दारातच उभ्या. “भांडण झालं का?” त्यांनी विचारलं.

तर आता रविवारी सकाळी आम्ही तिथेच असतो. यायचं असेल तर या, पण जोडीने या, आणि कारण सांगत बसू नका. पोहे आमच्याकडचे, शेव तुम्ही आणा. सावलीतली डावीकडची जागा मात्र समोरच्या वहिनींच्या यजमानांनी आधीच सांगून ठेवली आहे.